संकेतस्थळावरचें दुकान आणि त्याचा गैरहजर मालक

बाजारपेठेंतील दुकानदाराला एक फायदा असा असतो कीं, आपल्या दारावरून परत जाणारें गिऱ्हाईक त्याला डोळ्यांनीं दिसतें. पायरीवर चिखल सांचला, गड्यानें उद्धट उत्तर दिलें, किंवा एकाच मालाची किंमत सकाळीं एक व संध्याकाळीं दुसरी सांगितली गेली, तर गिऱ्हाइकाच्या कपाळावरची आठी गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या नजरेस पडते आणि दुसऱ्या दिवशीं ती पायरी धुतली जाते. संकेतस्थळावर मांडलेल्या दुकानाला मालक असतो, परंतु तो तेथें बसलेला नसतो. गिऱ्हाईक येतें, कांहीं क्षण थांबतें आणि कोणालाही कारण न सांगतां निघून जातें. अशा दुकानांच्या बहुतेक चुका ह्या एका गैरहजेरीपोटीं जन्मास येतात. संकेतस्थळ म्हणजे एकदां रंगवून भिंतीवर टांगावयाची पाटी, अशी समजूत व्यापारी वर्गांत अद्याप बरीच पसरलेली आहे. वस्तुतः तें रोज फळ्या काढून झाडावें लागणारें दुकान आहे.

विषय स्पष्ट होण्यासाठीं ठाण्यांतील एका घरगुती मसाल्यांच्या व्यवसायाची कल्पना करावी. गोडा मसाला, मेतकूट आणि लोणचीं यांचा हा उद्योग घरांतील काकू पुष्कळ वर्षें चालवीत आहेत. संकेतस्थळ काढण्याची कल्पना पुतण्याची. तो त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत होता. त्यानें चार रात्री जागून तें उभें केलें, घरांत त्याचें कौतुक झालें आणि इंदूर, बडोदें, बंगळूर येथील मराठी कुटुंबांकडून मागण्या येऊं लागल्या. पुढें पुतण्या नोकरीनिमित्त बंगळुरास गेला. तीन वर्षांनीं, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एका सकाळीं तें दुकान नाहींसें झालें. काकूंना तें कळलें नाहीं. मागण्या येत नाहींत याचा अर्थ त्यांनीं असा घेतला कीं, यंदा लोकांचा हात आंखडता आहे. आठ दिवसांनीं इंदूरहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "काकू, दुकान बंद केलेंत कां हो? तुमच्या पत्त्यावर तर भलत्याच जाहिराती दिसताहेत." हा फोन एका बाईनें केला, ज्यांनीं केला नाहीं त्या किती होत्या याची नोंद कोणत्याही वहींत सांपडणार नाहीं.

काय घडलें हें समजण्यासाठीं दोन गोष्टींची फारकत केली पाहिजे. संकेतस्थळाचें नांव, ज्याला डोमेन म्हणतात, तें एक. आणि त्या नांवामागचा मजकूर व छायाचित्रें ज्या यंत्रावर ठेविलेलीं असतात ती भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग, ही दुसरी. गाळ्याचें भाडें आणि पाटीवरील नांवाची नोंदणी हीं जशीं वेगळीं, तशींच हींही. दोहोंचे पैसे बहुधा निरनिराळ्या तारखांना भरावयाचे असतात. लोक म्हणतात कीं, नांव विकत घेतलें. पण खरें पाहतां तें विकत मिळतच नाहीं, तें मुदतीनें मिळतें, आणि एका वेळीं अधिकांत अधिक दहा वर्षांची मुदत घेतां येते. .कॉमसारख्या नांवांच्या बाबतींत आयकॅन या जागतिक संस्थेनें असा नियम घालून दिला आहे कीं, नोंदणी करणाऱ्या कंपनीनें मुदत संपण्यापूर्वीं सुमारें एक महिना व सुमारें एक आठवडा अशी दोनदां, आणि मुदत टळल्यावर पांच दिवसांच्या आंत पुन्हां एकदां, मालकास सूचना पाठविली पाहिजे. सूचना अर्थातच नोंदणीच्या वेळीं दिलेल्या ई-मेलच्या पत्त्यावर जातात. काकूंच्या दुकानाच्या तिन्ही सूचना पुतण्याच्या महाविद्यालयीन टपालपेटींत जाऊन पडल्या, आणि ती पेटी त्यानें पदवी घेतल्यापासून उघडलेली नव्हती.

मुदत टळली म्हणून नांव तत्काळ जातें असें नव्हे. प्रथम कांहीं दिवस नेहमींच्या दरानें तें सोडवून घेतां येतें. हे दिवस किती, तें नोंदणी करणाऱ्या कंपनीवर अवलंबून असतें. त्यानंतर तीस दिवसांचा एक काळ येतो. त्यांतही नांव परत मिळतें, पण दंड बराच भरावा लागतो. शेवटचे पांच दिवस कोणालाच कांहीं करतां येत नाहीं, आणि मग तें नांव जगांतील वाटेल त्या माणसाला घेण्यास मोकळें होतें. अशा सुटलेल्या नांवांवर टपून बसलेले धंदेवाईक लोक आहेत. पुष्कळ कंपन्या तर मुदत टळलेल्या नांवांचा त्यापूर्वींच लिलावही करतात. काकूंना नांव परत मिळालें. पण तोंवर दिवाळी निघून गेली होती, आणि फराळाच्या दिवसांत जेवढा माल खपतो तेवढा पुढें शिमग्यापर्यंत खपत नाहीं.

ही चूक अडाण्यांचीच असते असें कोणी समजूं नये. १९९९ सालच्या नाताळांत मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या पासपोर्ट.कॉम या नांवाची मुदत टळली. हॉटमेल या टपालसेवेंत शिरण्याचें दार त्याच नांवावर चालत असल्यामुळें असंख्य लोकांची टपालें अडून बसलीं. शेवटीं नाताळाच्या दिवशीं, कंपनीशीं कांहीं संबंध नसलेल्या एका अमेरिकन संगणकतज्ज्ञानें स्वतःच्या खिशांतून ३५ डॉलर भरून ती मुदत वाढविली. २०१० च्या नोव्हेंबरांत डॅलस काउबॉइज या धनाढ्य फुटबॉल संघाच्या संकेतस्थळावरही हाच प्रसंग ओढवला. दोन्ही ठिकाणीं पैशाची वाण नव्हती; कमतरता होती ती तारीख लक्षांत ठेवणें हें आपलें काम आहे असें मानणाऱ्या एका माणसाची. म्हणून नांवाची नोंदणी पुतण्याच्या, मित्राच्या अथवा संकेतस्थळ बांधून देणाऱ्या कारागिराच्या नांवें न ठेवतां व्यवसायाच्या मालकाच्याच नांवें असावी, सूचनेचा पत्ता रोज उघडला जाणारा असावा, आणि परवलीचे शब्द घरांतील दुसऱ्या एका विश्वासू माणसाजवळ बंद पाकिटांत असावेत. कारागिराशीं पुढेंमागें वांकडें आलें तर दुकानाच्या किल्ल्या त्याच्या कनवटीला राहतात, हा अनुभव पुष्कळांना येतो. त्यांत कारागीर लबाडच असतो असें नाहीं. बहुतेक वेळां किल्ल्या कोणीं मागितलेल्याच नसतात.

दुसरी मोठी चूक प्रतीविषयींची. दुकानांतील सर्व मजकूर, मागण्यांची यादी, गिऱ्हाइकांचे पत्ते यांची प्रत दुसरीकडे ठेवावी हें सर्वांना ठाऊक असतें, आणि विचारलें असतां बहुतेक मालक प्रत आहे असेंच सांगतात. ती कोठें आहे आणि तिच्यांतून दुकान पुन्हां उभें राहतें कीं नाहीं, हे पुढचे दोन प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहींत. १० मार्च २०२१ रोजीं मध्यरात्रीं फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहरीं, ऱ्हाइन नदीच्या कांठीं असलेल्या ओव्हीएच या कंपनीच्या संगणकगृहाला आग लागली आणि पांच मजल्यांची एक इमारत भस्मसात झाली. तेथील यंत्रांवर विसंबलेलीं लाखों संकेतस्थळें एका रात्रींत बंद पडलीं. ज्यांनीं प्रत अन्यत्र ठेविली होती ते कांहीं दिवसांत सावरले. परंतु कांहींची प्रतही त्याच आवारांत होती. घर आणि घराच्या विम्याचे कागद एकाच कपाटांत जळावे, तसा हा प्रकार झाला. त्यांतील कांहीं प्रकरणें पुढें न्यायालयापर्यंत गेलीं.

प्रत असणें आणि प्रत उपयोगी पडणें यांतील अंतर ज्यास पाहावयाचें असेल त्यानें गिटलॅब या कंपनीची हकीकत वाचावी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं, उशिरापर्यंत काम करून थकलेल्या तेथील एका तंत्रज्ञानें, एका यंत्रावरील माहिती पुसावयाची असतां भलत्याच यंत्रावरील पुसून टाकली. चूक लक्षांत येऊन हात थांबवीपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइट माहितींतील अवघी साडेचार शिल्लक राहिली होती. कंपनीजवळ प्रती ठेवण्याच्या एक नव्हे, पांच निरनिराळ्या योजना होत्या. त्यांतील एकही त्या वेळीं भरंवशाची ठरली नाहीं. रोज प्रत काढणारा कार्यक्रम कित्येक दिवस मुकाट्यानें अयशस्वी होत होता. आणि तो अयशस्वी झाल्याचें कळविणारीं पत्रेंसुद्धां टपालयंत्रणेनें नाकारलेलीं असल्यामुळें कोणापर्यंत पोंचत नव्हतीं. शेवटीं एका कर्मचाऱ्यानें निराळ्याच कामासाठीं सहा तासांपूर्वीं सहज काढून ठेविलेली एक प्रत हातीं लागली व तिच्यावरून सेवा पुन्हां सुरू झाली. त्या सहा तासांतील काम मात्र गेलें तें गेलेंच. कंपनीनें ही सारी नाचक्की लपवून न ठेवतां जगासमोर मांडली, हें तिचे पदरीं नमूद केलें पाहिजे. लहान व्यापाऱ्यानें यांतून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, सहा महिन्यांतून एकदां तरी प्रतीवरून दुकान खरोखर उभें करून पाहावें. लोणच्याची बरणी माळ्यावर आहे एवढ्यावर कोणतीही गृहिणी विसंबत नाहीं. ती मधून मधून दादरा सोडून पाहतेच.

आतां दाराशीं येऊन परत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळूं. तें परत फिरतें याचें पहिलें कारण बहुधा विलंब हें असतें. १९९९ च्या नोव्हेंबरांत लंडनमध्यें बू.कॉम नांवाचें कपड्यांचें एक दुकान मोठ्या थाटानें उघडलें. कपडा सर्व बाजूंनीं फिरवून पाहण्याची सोय होती, गिऱ्हाइकाशीं बोलणारी मिस बू नांवाची एक चित्रांतली विक्रेती होती. मात्र त्या काळीं बहुतेक घरीं टेलिफोनच्या तारेवरून मंदगतीनें इंटरनेट येत असे, आणि हा सगळा थाट पडद्यावर उमटेपर्यंत पाहणाराचा जीव मेटाकुटीस येई. २००० च्या मे महिन्यांत हें दुकान बुडालें तेव्हां सुमारें साडेतेरा कोटि डॉलर खर्ची पडले होते. अपयशाचीं कारणें इतरही होतीं. परंतु दुकान उघडण्यापूर्वींच गिऱ्हाइकाला कंटाळा आणणें हें त्यांत नक्कीच होतें.

आज तारा वेगवान झाल्या, तरी ही चूक मरण पावलेली नाहीं. मोबाईलनें काढलेलें एक छायाचित्र सहज चार मेगाबाइटांचें असतें. मसाल्यांचीं अशीं वीस छायाचित्रें जशींच्या तशीं मांडलीं कीं, एका पानाचें ओझें ऐंशी मेगाबाइट होतें, आणि लोकलच्या गर्दींत किंवा कोंकणांतील एखाद्या वाडींत उभी असलेली गृहिणी पहिली बरणी दिसण्याच्या आधींच नाद सोडते. तींच चित्रें आकारानें लहान करून ठेविलीं तर डोळ्यांना फरक जाणवत नाहीं आणि ओझें विसाव्या हिश्शावर येतें. याला तासाभरापेक्षां अधिक वेळ लागत नाहीं. तरी तें होत नाहीं. कारण मालक स्वतःचें दुकान पाहतो तें घरच्या वेगवान जोडणीवर, मोठ्या पडद्यावर, आणि तेंही वर्षाकाठीं एकदां.

विलंबाच्या खालोखाल त्रास होतो तो चौकशांचा. जेरेड स्पूल या अमेरिकन तज्ज्ञानें २००९ सालीं एका मोठ्या दुकानाची हकीकत प्रसिद्ध केली. नांव त्यानें सांगितलें नाहीं. तेथें माल निवडल्यावर पैसे देण्यापूर्वीं गिऱ्हाइकास खातें उघडावें लागे. नवखें गिऱ्हाईक या मागणीनें चिडत असे, आणि जुन्यालाही आपला परवलीचा शब्द आठवत नसे. शेवटीं 'नोंदणी करा' हें बटण काढून त्या जागीं 'पुढें चला' असें बटण आणि खातें नसलें तरी चालेल अशी एक ओळ घालण्यांत आली. खरेदी पुरी करणारांची संख्या शेंकडा ४५ नें वाढली, आणि पहिल्या वर्षींची वाढीव विक्री ३० कोटि डॉलर झाली. हे आंकडे अजस्र दुकानाचे आहेत, पण चीड सर्वत्र सारखीच असते. पावशेर मेतकुटासाठीं जन्मतारीख विचारणारें दुकान पेठेंत असतें तर गांवभर त्याची थट्टा झाली असती.

किंमतीविषयींची लपवाछपवी ही चूक नसून लबाडी आहे, तथापि ती अनेकदां केवळ आळसानेंही घडते. बरणीची किंमत दोनशें रुपये दाखवून, पत्ता, फोन सर्व भरून घेतल्यावर शेवटच्या पानावर पाठवणीचे नव्वद रुपये पुढें करणें हा त्यांतला नेहमींचा प्रकार. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं ज्या तेरा फसव्या रीतींना मनाई केली, त्यांत किंमत अशी हळूहळू उघड करणें आहे. माल भरपूर असतांना 'केवळ दोनच शिल्लक' अशी घाई लावणें आहे. गिऱ्हाइकानें न मागितलेली वस्तु त्याच्या टोपलींत सरकविणेंही आहे. त्यापूर्वीं २०२० सालच्या ई-वाणिज्य नियमांनीं विक्रेत्यावर आपलें नांव, पत्ता व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा ठावठिकाणा दुकानांत स्पष्ट लिहिण्याचें बंधन घातलें. तक्रार पोंचल्याची पावती अठ्ठेचाळीस तासांत आणि तिचा निकाल एक महिन्यांत द्यावयाचा आहे. घरगुती व्यवसायांत हा अधिकारी म्हणजे काकूच. त्यांत कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें फोनचा जो आंकडा लिहिला आहे तो बंद पडून दोन वर्षें झालेलीं असतात तेव्हां.

मराठी दुकानांची म्हणून एक खास चूक आहे. संगणकावर मराठी अवतरली त्या आरंभींच्या काळांत प्रत्येक टंकाची मांडणी निराळी असे. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असत, आणि तोच टंक वाचकाजवळ नसला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक काला दिसे. युनिकोडमुळें ही अडचण दूर झाली. तरीसुद्धां छापखान्यांतून जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर आणावयाचा, तो युनिकोडांत उतरत नाहीं म्हणून त्याचें चित्र काढावयाचें आणि तें चित्र संकेतस्थळावर चिकटवावयाचें, असा परिपाठ अजून अनेक ठिकाणीं चालू आहे. माणसाला तें वाचतां येतें, पण शोधयंत्राला चित्रांतील शब्द मजकुराइतके खात्रीनें वाचतां येत नाहींत. 'गोडा मसाला' म्हणून कोणी शोध केला तर ज्या दुकानांत हे शब्द साध्या मजकुरांत लिहिले आहेत तें वर येतें, आणि ज्याच्या चित्रांत ते अतिशय सुरेख वळणानें काढले आहेत तें मागें राहतें. शिवाय अंध माणसें पडद्यावरील मजकूर यंत्राकडून मोठ्यानें वाचवून घेतात. त्यांना अशा दुकानांत केवळ 'चित्र, चित्र, चित्र' एवढेंच ऐकूं येतें. देवनागरींतील .भारत ही नांवांची सोय २०१४ च्या ऑगस्टपासून उपलब्ध आहे. पाटी मराठींत लावावी कीं नाहीं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आंतला मजकूर तरी यंत्रांना कळेल अशा मराठींत असावा.

सुरक्षिततेविषयीं फार सांगण्याचें कारण नाहीं. पत्त्याच्या आरंभीं 'एचटीटीपीएस' ही सुरक्षित पद्धति नसेल तर जुलै २०१८ पासून गूगलचा क्रोम हा ब्राउझर त्या दुकानावर 'असुरक्षित' असा शिक्का मारतो. त्यासाठीं लागणारें प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून फुकट मिळतें, म्हणून सबब चालण्यासारखी नाहीं. दुकान ज्या तयार सामग्रीवर उभारलें आहे तिच्या सुधारित आवृत्त्या निघतील तशा बसवीत जाव्या. चोर बहुधा जुन्या, माहीत झालेल्या भेगेंतूनच शिरतो.

राहिला शिळेपणा. आषाढांत दिवाळीची सवलत झळकत असावी, हापुसाच्या लोणच्याचा गेल्या वर्षींचा भाव तसाच असावा, हें पाहून गिऱ्हाईक दुकान चालू आहे कीं नाहीं अशाच शंकेंत पडतें. याला उपाय तंत्रज्ञाचा नाहीं. महिन्याच्या पहिल्या तारखेला, दूधवाल्याचा हिशेब करतांना, मालकानें आपल्याच दुकानांत गिऱ्हाईक म्हणून शिरावें; तेंही स्वतःच्या फोनवर नव्हे. काकूंनीं शेजारणीचा साधा मोबाईल घेऊन पावशेर मेतकूट मागवून पाहिलें, तेव्हां पहिल्याच खेपेला आढळलें कीं, पिनकोडाच्या चौकटींत मराठी आंकडे लिहिले तर ती पुढें जाऊंच देत नाहीं, आणि कां तेंही सांगत नाहीं. इंग्रजी आंकडे घातल्यावर पैसे गेले, पावती आली, परंतु मागणीची सूचना कांहीं काकूंच्या फोनवर वाजेना. रात्रीं पुतण्याला विचारल्यावर उलगडा झाला. ती बंगळुरास, त्याच्या त्या जुन्या टपालपेटींत, इतर सदतीस मागण्यांच्या खालोखाल येऊन पडली होती.